बिघाड नेमका कोणत्या थरातला?

नेटवर्किंग शिकणाऱ्याला आता खरे राउटर विकत घ्यावे लागत नाहीत. सिस्कोचा पॅकेट ट्रेसर किंवा जीएनएस-३ लॅपटॉपवर टाकला, की पडद्यावर राउटर, स्विच मांडून अख्खे जाळे उभे करता येते. मग एखाद्या दिवशी पिंगला उत्तर येत नाही, राउटर सुरूच होत नाही किंवा लॅपटॉप हँग होतो, आणि बहुतेक जण एकच उपाय करतात: सॉफ्टवेअर काढून पुन्हा इन्स्टॉल करणे. माझे म्हणणे असे, की हा उपाय शेवटचा असायला हवा. बिघाड तीन थरांपैकी कुठेही असू शकतो: मांडलेल्या जाळ्यात, ते जाळे चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये किंवा त्याखालच्या संगणकात. थर न ठरवता केलेली दुरुस्ती हा निव्वळ अंदाज असतो. पुन्हा इन्स्टॉल करताना तर बिघाड ओळखण्याच्या खुणाही बऱ्याचदा पुसल्या जातात.

पहिल्या थरात एक गोष्ट आधीच बाजूला काढावी लागते. जे बिघाड वाटतात, त्यांतले काही बिघाड नसतातच. पॅकेट ट्रेसरमध्ये स्विचला केबल जोडल्यावर दिवा सुमारे ३० सेकंद नारिंगी राहतो. जाळ्यात वर्तुळाकार मार्ग तयार होऊ नये म्हणून स्विच १५ सेकंद ऐकतो आणि पुढचे १५ सेकंद पत्ते शिकतो. खराखुरा स्विचही हेच करतो. पहिला पिंग हरवतो, कारण समोरच्या यंत्राचा हार्डवेअर पत्ता अजून ठाऊक नसतो. तो कळला की पुढचे पिंग पोचतात. राउटरचे पोर्ट मुळातच बंद असतात आणि ‘नो शटडाउन’ दिल्याशिवाय सुरू होत नाहीत. इथे सॉफ्टवेअर आपले काम चोख करत असते. याच्या उलट, काही अडचणी दुसऱ्या थरातल्या, म्हणजे खुद्द सॉफ्टवेअरच्या असतात. पॅकेट ट्रेसर हा सिम्युलेटर आहे. तो राउटरच्या वागण्याची नक्कल करतो, त्यामुळे खऱ्या राउटरवरच्या कितीतरी कमांड तिथे नसतात. पुस्तकातली कमांड तो स्वीकारत नसेल, तर स्वतःला किंवा लॅपटॉपला दोष देण्याआधी ही मर्यादा तपासावी.

जीएनएस-३ ची गोष्ट वेगळी आहे. क्रिस्टोफ फियो यांनी २००५ मध्ये डायनामिप्स लिहायला घेतले. ते सिस्कोच्या ७२०० सारख्या राउटरचे हार्डवेअरच संगणकावर उभे करते आणि त्यावर सिस्कोची खरी कार्यप्रणाली चालवते. जीएनएस-३ ने त्याला चित्ररूप मांडणी दिली. एकच राउटर सुरू केला तरी प्रोसेसर १०० टक्क्यांवर जातो, ही त्यावरची जुनी तक्रार. राउटरला काम नसले तरी त्याची कार्यप्रणाली एका फेऱ्यात फिरत राहते. खऱ्या राउटरमध्ये त्याने काही बिघडत नाही. इथे मात्र त्या फेऱ्यातली प्रत्येक सूचना तुमच्या प्रोसेसरला पार पाडावी लागते. त्यासाठी ‘आयडल-पीसी’ नावाचा आकडा ठरवायचा असतो. रिकामा फेरा कार्यप्रणालीत कुठे आहे, हे तो डायनामिप्सला सांगतो आणि तेवढा वेळ प्रोसेसर मोकळा सुटतो. कार्यप्रणालीच्या प्रत्येक इमेजचा, म्हणजे फाइलचा, आकडा वेगळा असतो. जास्त रॅम घेऊन हा प्रश्न सुटत नाही.

तिसऱ्या थरात सगळ्यात जास्त डोकेदुखी होते ती व्हर्च्युअलायझेशनची. नव्या इमेज चालवायला जीएनएस-३ ला स्वतंत्र व्हर्च्युअल मशीन लागते आणि त्यासाठी प्रोसेसरमधली ही सोय बायॉसमध्ये सुरू असावी लागते. ती सुरू आहे की नाही, हे विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर दिसते. तिथे सुरू दिसूनही केव्हीएमची, म्हणजे व्हर्च्युअल मशीनला ही सोय मिळत नसल्याची, एरर येत असेल, तर विंडोजचे हायपर-व्ही किंवा मेमरी इंटेग्रिटी तीच सोय आधीपासून वापरत असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी सुरक्षेची सगळी सेटिंग बंद करा, असा सल्ला सर्रास मिळतो. तो मला पटत नाही. डॉकर आणि डब्ल्यूएसएल-२ हायपर-व्हीच्याच पायावर चालतात, आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर सुरक्षा सैल करण्याचा निर्णय आपला एकट्याचा नसतो.

उद्या प्रात्यक्षिक आहे, थर शोधत बसायला वेळ कुणाला, असे कुणी म्हणेल. प्रश्न रास्त आहे, पण पुन्हा इन्स्टॉल करण्यालाही वेळ लागतोच. त्याने बायॉस बदलत नाही, चुकीचा सबनेट मास्क सुधारत नाही, आणि जुनी सेटिंग बऱ्याचदा वापरकर्त्याच्या फोल्डरमध्ये तशीच राहून जातात. त्यापेक्षा नवा प्रोजेक्ट उघडावा, फक्त दोन पीसी केबलने जोडावेत, एकाला १९२.१६८.१.१ आणि दुसऱ्याला १९२.१६८.१.२ पत्ता द्यावा, मास्क दोघांना २५५.२५५.२५५.० द्यावा आणि पिंग करावा. उत्तर आले तर सॉफ्टवेअरचा पाया ठीक आहे. चूक मोठ्या जाळ्यात शोधायची, एकेक यंत्र वाढवत. एवढेसुद्धा चालले नाही, तर राउटरच्या कमांड तपासत बसण्यात अर्थ नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: थर इतके सुटे नसतात. ओएसपीएफ हा मार्ग ठरवणारा प्रोटोकॉल चालवणारे राउटर साधारणपणे दर १० सेकंदांनी एकमेकांना हाक देतात आणि ४० सेकंद हाक आली नाही तर शेजारी गेला असे धरतात. ईआयजीआरपी हा तसाच दुसरा प्रोटोकॉल तर बहुधा १५ सेकंदच थांबतो. प्रोसेसर दमला की या हाका उशिरा पोचतात आणि शेजारी येत-जात राहतात. दिसताना ही कॉन्फिगरेशनची चूक दिसते, पण मूळ संगणकात असते. अशा वेळी कॉन्फिगरेशनला हात न लावता निम्मे राउटर बंद करून पाहावेत. उरलेले शेजारी स्थिर झाले, तर संशय प्रोसेसरवर जातो.

ऑफिसच्या संगणकावर आणखी एक गुंता असतो. जीएनएस-३ ची खिडकी आणि तिच्यामागचा सर्व्हर हे दोन वेगळे प्रोग्राम आहेत. एकाच लॅपटॉपवर असले तरी ते आपसात नेटवर्कवरूनच बोलतात, सहसा ३०८० क्रमांकाच्या पोर्टवर. फायरवॉलने ते अडवले, किंवा कंपनीच्या व्हीपीएनने मार्ग बदलले, की सर्व्हर सापडत नाही असा संदेश येतो. व्हीपीएन क्षणभर तोडून पाहिला की कारण कळते, आणि मग आयटी विभागाकडे फायरवॉल बंद करण्याची मागणी न करता त्या एका प्रोग्रामपुरती सवलत मागता येते. खिडकी आणि व्हर्च्युअल मशीन यांची आवृत्तीही एकच असावी लागते, म्हणून दोन्हींचे आवृत्ती क्रमांक, एररचा शब्दशः मजकूर आणि दोन पीसींच्या चाचणीचा निकाल त्या विनंतीतच लिहून द्यावा.