पट सहाचा, समिती बाराची

भोर-वेल्ह्यात जुलै महिन्यात पालक सभा बोलवायची, तर गुरुजींना आधी आभाळाकडं बघावं लागतं. पाऊस लागून राहिला, आवणी सुरू झाली, की सगळं गाव खाचरात वाकलेलं असतं. बहुतेक शाळांत नेमक्या याच दिवसांत शाळा व्यवस्थापन समितीची मुदत संपलेली असते आणि नवी समिती करून तालुक्याला कळवायचं असतं. गुरुजी पोरांच्या हाती चिठ्ठ्या देतात, ग्रुपवर निरोप टाकतात. अकराची सभा साडेबाराला सुरू होते. चार बाया चिखलाचे पाय हापशावर धुऊन सतरंजीवर टेकतात, एक आजोबा नातवाच्या वतीनं येतात, उरलेल्यांच्या सह्या संध्याकाळी घरोघरी जाऊन घ्यायच्या असतात. प्रोसिडिंग बुकात मात्र सूचक, अनुमोदक आणि 'सर्वानुमते' असं सगळं रीतसर उतरतं.

ही निवडणूकच आहे. तिला अर्ज नाही, डिपॉझिट नाही, आचारसंहिता नाही, बोटाला शाई नाही. पण तिच्या पाठीशी संसदेचा कायदा आहे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या २१व्या कलमानं विनाअनुदानित खासगी शाळा सोडून बाकी शाळांना अशी समिती बंधनकारक केली. तीनचतुर्थांश सदस्य पालक हवेत, निम्म्या महिला हव्यात, वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा हव्यात. महाराष्ट्रानं १७ जून २०१० च्या शासन निर्णयात याचा तपशील ठरवला: समिती १२ ते १६ जणांची, मुदत दोन वर्षांची, बैठक दर महिन्याला. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष पालकांतूनच निवडायचे. मुख्याध्यापक सदस्य सचिव. शिवाय ग्रामपंचायतीचा एक सदस्य, एक शिक्षक, शिक्षणाची जाण असलेली गावातली एक व्यक्ती, आणि दोन विद्यार्थी, त्यांत एक तरी मुलगी.

उभं राहायला पात्रता एकच: आपलं मूल त्या शाळेच्या पटावर असणं. यातही मेख आहे. शाळा चौथीपर्यंतची असेल आणि पोरगी चौथीत असेल, तर पुढच्या जूनला पोरगी हायस्कुलात आणि अध्यक्षसाहेब समितीबाहेर. म्हणून जाणते मुख्याध्यापक पहिली-दुसरीतल्या मुलांचे आईबाप आधी हेरून ठेवतात.

महामार्गाच्या अंगाला, नसरापूर, कापूरहोळ, किकवी या पट्ट्यात गावं मोठी आणि राजकारण जागं. तिथल्यासारख्या गावात ही निवड रंगू शकते. प्रचार सुरू होतो तो दूध डेअरीवर, गिरणीत, एसटीच्या थांब्यावर. "गेल्या वेळी गावठाणाला दिलं, आता वाडीला द्या" ही त्यातली सगळ्यात भारी घोषणा. जाहीरनामा कुणी छापत नाही, पण हिशेब सगळ्यांना ठाऊक असतो. भावकी कुठं, ग्रामपंचायतीला कोण कुणाच्या विरोधात होतं, पडलेल्या पॅनेलला आता कुठं तरी माणूस बसवायचाय का. ज्याला पुढं सदस्य किंवा सरपंच व्हायचंय, त्याला शाळेचं अध्यक्षपद ही पहिली पायरी वाटते. पंधरा ऑगस्टला झेंड्याजवळ उभं राहायला मिळतं, स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेत नाव येतं. निवड झाली की चौकात फ्लेक्स लागतो: 'अध्यक्षपदी बिनविरोध निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन'. खाली वीस शुभेच्छुकांचे फोटो, त्यांतले निम्मे शाळेच्या फाटकातून कधी आत गेलेले नसतात.

आणि हे सगळं कशासाठी? समग्र शिक्षा योजनेत पट तीसच्या आत असलेल्या शाळेला वर्षाचं संयुक्त शाळा अनुदान मिळतं १० हजार रुपये. तीस ते शंभर पट असेल तर २५ हजार. त्यातच खडू, फळा, दुरुस्ती, स्वच्छता. एका फ्लेक्सचा, हारांचा आणि मंडळींच्या जेवणाचा हिशेब याच्या शेजारी मांडून पाहावा. पण गावात अधिकार नुसत्या रुपयांत मोजत नाहीत. पोषण आहार शिजवणारी मदतनीस निवडताना समितीचा शब्द चालतो. तिचं मानधन महिन्याला २,५०० रुपये, तरी ज्या घरात दुसरी रोकड येत नाही तिथं त्या जागेसाठी तीन-तीन नावं पुढं येतात. गणवेशाचंही तसंच. एका मुलामागं दोन गणवेशांचे ६०० रुपये समितीच्या हाती असत. २०२४-२५ साली सरकारनं 'एक राज्य, एक गणवेश' म्हणून कापड आणि शिलाई वरूनच लावून दिली. कपडे वेळेवर आले नाहीत, मापं चुकली, ओरड झाली, आणि पुढच्या वर्षापासून ते काम पुन्हा समित्यांकडे आलं. छोट्या गावातला शिंपी पोरांची मापं डोळ्यानं घेतो, हे मुंबईला कळायला एक शैक्षणिक वर्ष लागलं.

कायद्यातली समितीची खरी कामं याहून मोठी आहेत: शाळेच्या कामावर देखरेख, अनुदानाचा विनियोग तपासणं आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणं. तो आराखडा तीन वर्षांचा असतो. माझ्या मते अध्यक्षपदाला उभं राहणाऱ्याला एवढंच विचारावं, की मागचा आराखडा तुम्ही वाचलाय का? बरेच चेहरे उतरतील.

महामार्ग सोडून आत वळलं, की निवडणुकीचा नूर पालटतो. वरंध घाटाकडं जाणारं हिर्डोशीचं खोरं, भाटघर धरणाच्या पाण्यामागचा वेळवंडचा भाग, केळद आणि पासलीकडच्या वाड्या. इथं चढाओढ नसते. इथं उमेदवार शोधावा लागतो.

समजा शाळेचा पट सहा आहे आणि ही सहा मुलं चार घरांतली आहेत. आई आणि बाप दोघांनाही मोजलं तर पालक होतात आठ. बारा जणांच्या लहानात लहान समितीला पालक हवेत नऊ. म्हणजे गावातला प्रत्येक पालक बिनविरोध निवडून आला, तरी एक जागा रिकामीच. त्या आठांतले दोन-तीन बाप पुण्यात किंवा मुंबईत कामाला, गणपतीला आणि शिमग्याला दिसणारे. उरल्या आया. तेव्हा निम्म्या महिलांची अट इथं पाळावी लागत नाही, ती आपोआप पाळली जाते. बैठकीला त्याच येतात, पोषण आहाराच्या तांदळाची पोती त्याच मोजतात. अध्यक्ष म्हणून नाव मात्र अजूनही पुष्कळ ठिकाणी मुंबईतल्या बापाचं लागतं, किंवा नाव बाईचं आणि बोलणं दिराचं. कायद्यानं जागा दिली, खुर्ची अजून घरातल्या पुरुषाला विचारून सरकते.

वेल्हे तालुक्यातलं चांदर २०१८ साली देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकलं. तिथल्या झेडपीच्या शाळेत पटावर एकच मुलगा होता आणि त्या एकासाठी एक गुरुजी अवघड वाटेनं रोज डोंगर चढून येत होते. सगळ्यांनी गुरुजींचं कौतुक केलं, ते योग्यच. पण तिथली शाळा व्यवस्थापन समिती कागदावर कशी बसवायची, याचा विचार करून पाहा. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढं भरलेले वर्ग होते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावरची वाडी त्यांच्या हिशेबात नव्हती.

अशा ठिकाणी समितीला महत्त्व येतं ते शाळा राहणार की जाणार, हा प्रश्न उभा राहिला की. डिसेंबर २०१७ मध्ये राज्य सरकारनं कमी पटाच्या १,३१४ शाळा बंद करून मुलांना शेजारच्या शाळेत घालण्याचं ठरवलं. २०२३ मध्ये समूह शाळांची कल्पना पुढं आली. राज्यात वीसपेक्षा कमी पटाच्या १४,७८३ शाळा असल्याचं तेव्हा सरकारनंच सांगितलं, आणि आसपासच्या लहान शाळा एकत्र करायचा नमुना म्हणून जी दोन नावं घेतली त्यांतलं एक नंदुरबारमधलं तोरणमाळ, दुसरं आपलं वेल्ह्यातलं पानशेत. मोठी इमारत, वर्गाला शिक्षक, मुलांना ने-आण करायला गाडी, खेळायला सोबती.

हा सौदा वाईटच आहे, असं मला म्हणता येत नाही. सहा मुलांत खो-खोचा एक संघही होत नाही, आणि चार इयत्ता एकाच खोलीत शिकवणाऱ्या गुरुजींची तारांबळ मी जवळून पाहिली आहे. पण नियम म्हणतो, प्राथमिक शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी, उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत. पावसाळ्यात ओढ्याला पूर आला, दरड कोसळली, गाडी आली नाही, तर पहिलीतली पोर घरीच. शिकणं तुटतं ते असंच, कुणी नाव न काढता. म्हणून वाडीतल्या आईनं ठरावावर सही करण्याआधी गाडी किती वर्षं चालणार आणि तिचे पैसे कोण देणार, हे विचारायला हवं. तसं विचारणारं माणूस समितीत आहे की नाही, हे दोन वर्षांपूर्वी आवणीच्या घाईत झालेल्या त्या सभेत ठरलेलं असतं.

शाळेवर लोकांचा अंकुश असावा, ही गोष्ट इथं आजची नाही. म्हातारी माणसं अजून 'बोर्डाची शाळा' म्हणतात. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्यानं प्राथमिक शाळा लोकल बोर्डांच्या शाळा मंडळांकडं दिल्या, १९४७ च्या कायद्यानं जिल्हा शाळा मंडळं नव्यानं बांधली, आणि १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्यावर तो सगळा संसार परिषदांकडे गेला. भोर-वेल्ह्याचा बराचसा मुलूख १९४८ पर्यंत पंतसचिवांच्या संस्थानात, त्यामुळं बोर्ड इकडं उशिरा पोचलं. (संस्थानात राजगड नावाचा तालुका होताच. वेल्ह्याला आता तेच नाव मिळालंय, म्हणजे जुनं नाव परत आलं असंही म्हणता येईल.) जिल्हा परिषदेत लोकांनी निवडून दिलेली शिक्षण समिती असते खरी, पण पुण्यात मार्च २०२२ नंतर बराच काळ प्रशासकांचाच कारभार होता. त्या काळात शाळेच्या डोक्यावर लोकांमधून आलेलं म्हणावं असं एकच मंडळ उरलं: सतरंजीवर बसून निवडलेलं.

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणारी आपली मराठी मंडळी शाळा मंडळाची निवडणूक म्हणजे काय ते वेगळ्या अंगानं सांगतील. तिथं मुलं असोत-नसोत, गावातला प्रत्येक मतदार नोव्हेंबरात मत देतो. नऊ जणांचं मंडळ, तीन वर्षांची मुदत, पगार शून्य, पण शाळांचं बजेट आणि मुख्य अधिकाऱ्याची नेमणूक त्यांच्या हातात, आणि पैसा घरपट्टीतून. त्यामुळं अंगणात पाट्या लागतात, भाषणं होतात, आणि कधी चिखलफेकही: २०१७ मध्ये तिथं आशियाई वंशाच्या दोन उमेदवारांना देशाबाहेर घालवा, असं सुचवणारी निनावी पोस्टकार्डं घरोघरी पडली होती. आपल्याकडं शिक्षकाची नेमणूक, बदली, पगार, पुस्तकं, सगळं वरून ठरतं. समितीच्या हाती थोडं, म्हणून भांडणही थोडं. बिनविरोधचं कौतुक करताना एवढं ध्यानात असू द्यावं.

बिनविरोधला माझा विरोध नाही. सहा घरांच्या वाडीत निवडणूक लावून दोन भावजयींत अबोला पेरण्यात शहाणपण नाही. पण पट शंभराच्या वर असलेल्या गावात नावं आधीच दोन-चार कर्त्या माणसांनी ठरवून आणायची आणि सभेत टाळ्या घ्यायच्या, याला निवड म्हणवत नाही. अशा गावांत डोंगरकडेच्या कातकरी वस्तीतली पोरं पटावर असतात, कंपनीत कामाला आलेल्या भाडेकरूंची पोरंही असतात. त्यांच्या पालकांना प्रमाणात जागा द्यायला कायदा सांगतो, त्यामुळं नावं यादीत येतात. बैठकीची वेळ मात्र त्यांना विचारून ठरत नाही. रोजावर जाणाऱ्या बाईला अकराची सभा म्हणजे दिवसाची मजुरी.

उपाय मोठे नाहीत आणि त्यांना शासन निर्णयही लागत नाही. सभेची नोटीस आठ दिवस आधी शाळेच्या दारावर, गिरणीवर आणि वस्तीवर चिकटवावी. सभा रविवारी किंवा दिवेलागणीला घ्यावी, आवणीच्या आधी किंवा नंतर. आधी मागच्या दोन वर्षांचा जमाखर्च आणि आराखडा मोठ्यानं वाचावा, मग नावं मागवावीत. एका जागेला दोन नावं आली तर वहीचं पान फाडून चिठ्ठ्या कराव्यात आणि खडूच्या डब्यात टाकायला लावाव्यात. मोजायला पाचवीतली दोन पोरं बसवावीत. त्यांना बेरीज येते का तेही त्या निमित्तानं सगळ्या पालकांना कळेल, आणि नव्या अध्यक्षाला पहिल्याच बैठकीचा विषय मिळेल.