राखीव रान आणि राखलेले रान

मराठी भाषा मोठी मिस्कील आहे. ‘राखणे’ म्हणजे जपणे. आणि जपले नाही तर जी मागे उरते तीही ‘राख’च! याच घरातला तिसरा शब्द सरकारी दप्तरात जाऊन बसला आहे, तो म्हणजे ‘राखीव’. इंग्रजांनी १८७८ मध्ये जंगलाचा कायदा केला आणि डोंगरच्या डोंगर राखीव झाले. कोणासाठी राखीव आणि कोणापासून राखीव, हे मात्र त्या डोंगरात राहणाऱ्यांना कोणी विचारले नाही.

मराठीच्या प्राध्यापकाला शब्दांशी खेळण्याची खोडच असते, असे आपण म्हणाल. पण उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या आमच्या तीन गावांच्या शिवेवर या तिन्ही शब्दांचा प्रत्यय येतो. या गर्दीच्या गावांत कसले आले रान? उल्हासनगर हे निर्वासित सिंधी बांधवांच्या छावणीतून उभे राहिलेले; अंबरनाथ कारखान्यांचे; आणि बदलापुरात तर दर वर्षी नव्या इमारती. तरीही रेल्वेच्या एका अंगाला मलंगगडाची रांग आहे, दुसऱ्या अंगाला बारवीचे खोरे. उल्हासनगरच्या कितीतरी घरांत नळाला येणारे पाणी बारवी धरणाचे असते. उतारावर झाडोरा असला की पाऊस जमिनीत मुरतो. डोंगर बोडका झाला की तोच पाऊस माती घेऊन धरणात उतरतो. तेव्हा रानाची चिंता ही केवळ आदिवासी पाड्याची नव्हे, ती आपल्या स्वयंपाकघरातल्या पिंपाचीही आहे.

आता आमच्याकडची एक गोष्ट ऐका. जुलै २०१७ मध्ये अंबरनाथ तालुक्यातील मांगरूळच्या टेकडीवर हजारो उत्साही माणसे जमली आणि एक लाख रोपे लावली गेली. हेतू चांगला, श्रमही खरे. पण त्याच वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्याही आगींत त्यांतली हजारो रोपे होरपळली. पावसाळ्यात कंबरभर वाढलेले गवत दिवाळीनंतर वाळते आणि एक ठिणगी पुरते. रोप लावायला एक दिवस लागतो. ते राखायला मात्र पाच-दहा वर्षे रोज कोणीतरी तिथे असावे लागते. ते ‘कोणीतरी’ कोण?

याचे उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यात सापडते. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे लहानसे गोंड गाव. देवाजी तोफा आणि त्यांच्या गावकऱ्यांनी, मोहन हिराबाई हिरालाल या अभ्यासू मित्राच्या सोबतीने, गावातच अभ्यासगट चालवले. निर्णय बहुमताने नव्हे, सर्वांच्या संमतीने घ्यायचा, मग त्याला चार बैठका लागल्या तरी चालतील, असा त्यांचा नेम. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही त्यांची घोषणा गाजली. २००६ चा वनहक्क कायदा आला आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. पण कागदावरच्या हक्काने बांबू विकता येईना, कारण वाहतुकीचा परवाना खात्याच्या हाती! अखेर एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री आणि मुख्यमंत्री स्वतः गावात आले आणि ते परवाना-पुस्तक ग्रामसभेच्या हाती पडले.

दुसरे उदाहरण धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्याचे. बारीपाडा येथे चैत्राम पवार यांनी १९९० नंतरच्या काळात गावाला एकत्र आणले. जंगलतोड थांबवायची, मोडेल त्याला दंड, राखणीला गावातलीच माणसे. डोंगर हिरवा झाला, विहिरींना पाणी टिकू लागले. तिथल्या बाया रानभाज्यांच्या पाककृतींची स्पर्धा भरवतात, हे आमच्या वाचक भगिनींनी अवश्य लक्षात घ्यावे! २०२५ मध्ये चैत्रामजींना पद्मश्री जाहीर झाली.

नेपाळातही १९९३ च्या कायद्याने गावांच्या गटांकडे वने सोपवली गेली. असे गट आज बावीस हजारांवर आहेत. अशाच सामाईक मालमत्तेचा जन्मभर अभ्यास करणाऱ्या अमेरिकन विदुषी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये, म्हणजे मेंढ्याला हक्क मिळाला त्याच वर्षी, अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. सामाईक ते नासतेच असे नाही. वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले, स्वतः पाळत ठेवली, तर ते टिकते, हा त्यांच्या अभ्यासाचा गाभा.

मेंढा, बारीपाडा, नेपाळ, तिन्हींचा धडा एकच: ज्याला रानातून काही मिळते आणि ज्याचा शब्द रानात चालतो, तोच वणवा विझवायला अर्ध्या रात्री धावतो. पाहुणे रोप लावतात; राखण घरचाच करतो. आमच्या डोंगरांतही ठाकूर आणि कातकरी पाडे आहेत, आणि तोच २००६ चा कायदा त्यांनाही लागू आहे. सामूहिक दाव्यासाठी नकाशा, पुरावे, अर्ज लागतात. तिथे शहरातला सुशिक्षित माणूस, विशेषतः महाविद्यालयीन तरुण, खरोखर उपयोगी पडू शकतो. पुढारपणासाठी नव्हे, लेखनिक म्हणून!

बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन लाभले आहे. पुढच्या ज्येष्ठात स्टेशनाबाहेर पाटी घेऊन बसलेल्या मावशींकडून द्रोणभर जांभळे घ्याल, तेव्हा भावाची घासाघीस करण्याआधी एवढेच विचारा, “मावशी, हे झाड कुठल्या रानातले? आणि ते रान कोण राखते?” मावशींनी “आम्हीच” असे उत्तर दिले, तर समजावे की आपल्या नळाच्या पाण्याचीही काळजी कोणीतरी घेत आहे.