वळवाचा वारा आणि होडीचा प्रवास

उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावांची एक अडचण आहे. समोरचे गाव डोळ्यांना दिसते, पण रस्त्याने जायचे तर मोठा वळसा पडतो. म्हणून माणसे होडीत बसतात, मोटारसायकलीही चढवतात. दि. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली अशीच एक होडी सोसाट्याच्या वाऱ्यात उलटली. सातांपैकी एक जण पोहून काठाला लागला. सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती.

शेतकरी बंधु-भगिनींनो, महिना आणि वेळ ध्यानात घ्या. मे महिन्याची सायंकाळ म्हणजे वळवाचीच वेळ. दिवसभर रान तापते, दमट हवा वर चढते आणि दुपारनंतर ढगांचे मनोरे उभे राहतात. ढगातून पाऊस सुटला की वरची गार हवा वेगाने खाली येते व चहूकडे पसरते. हा वारा पावसाच्या पुढे धावतो. "अजून थेंब नाही, तेवढ्यात पोचू," असे आपण म्हणतो आणि घात होतो तो इथेच. शिवारात झाडे, घरे वाऱ्याचा जोर मोडतात. पाण्यावर त्याला अडवणारे काहीच नाही. तलावाच्या लाटा आखूड आणि उभ्या, एकीमागे एक येतात. जादा माणसे भरलेल्या होडीत पाणी शिरायला वेळ लागत नाही.

लग्नसराईत पलीकडे जायचे तर सकाळीच जाऊन यावे. फुलकोबीच्या गड्ड्यासारखा ढग फुगताना दिसला, पडलेला वारा एकाएकी गार सुटला किंवा लांबवर धुरळा उठला, तर होडी सोडू नये. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत सेकंद मोजावेत. तीसच्या आत आवाज आला तर वीज सुमारे दहा किलोमीटरच्या आत आहे. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावे. पाहुणे खोळंबले तर खोळंबू द्यावेत!

जीवरक्षक जाकीट अंगात हवे, फळीखाली नव्हे. ते नसेल त्या होडीत लेकरे बसवूच नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. घरचा वीस लिटरचा रिकामा कॅन, बूच घट्ट लावून, हाताशी ठेवावा. जाकिटाची सर त्याला नाही, पण धरून राहिल्यास माणूस तरंगतो. कीटकनाशकाचा कॅन मात्र नको.

मध्येच वाऱ्याने गाठले तर सर्वांनी होडीच्या तळाशी बसावे. उभे राहू नये, एका अंगाला सरकू नये. नावाड्याने लाटा आडव्या घेऊ नयेत. होडीचे तोंड त्यांच्याकडे जरा तिरके ठेवावे आणि ठरलेल्या धक्क्याचा हट्ट सोडून जवळचा काठ गाठावा. होडी उलटलीच तर तिला धरून राहावे. लाकडी होडी बहुधा तरंगत राहते, आणि काठ दिसतो त्याहून लांब असतो.

काठाला लागल्यावर बाभळीच्या आडोशाला थांबू नये, वीज उंच झाडावर पडते. थेट पक्क्या घरात जावे. होडी वादळ सरल्यावर ओढून घेता येईल.