तलाठ्याचे दप्तर आणि संबंधाधिष्ठित डेटाबेस : वाणिज्याच्या विद्यार्थ्यांसाठी एक विवेचन

वाणिज्य आणि व्यवस्थापन या शाखांच्या अभ्यासक्रमांत डेटाबेसची रचना व व्यवस्था हा विषय आता रूढ झाला आहे. तथापि त्याचे अध्यापन बहुधा संगणकास द्यावयाच्या आज्ञांपासून सुरू होते. विद्यार्थी एसक्यूएल या भाषेतील आज्ञा पाठ करतो, तक्ता निर्माण कसा करावा हे शिकतो; परंतु तक्ते कोणते व किती असावेत, आणि कोणती नोंद कोणत्या तक्त्यात जावी, या मूळ प्रश्नापाशी तो अडखळतो. या प्रश्नाचे उत्तर यंत्रात नाही. ते व्यवहाराच्या आकलनात आहे. परभणी जिल्ह्यातील पालमसारख्या शेतीप्रधान तालुक्यातून येणाऱ्या विद्यार्थ्यास या आकलनासाठी विमान कंपन्यांची वा परदेशी दुकानांची उदाहरणे धुंडाळण्याचे कारण नाही. त्याच्या घरच्या ट्रंकेतील सातबाऱ्याचा उतारा, आठ-अ आणि फेरफार हे तीन कागद त्या कामी पुरेसे आहेत.

‘संबंध’ या संज्ञेचा अर्थ

१९६० च्या दशकात मोठ्या संस्था आपली माहिती संगणकावर साठवू लागल्या, तेव्हा ती वृक्षाच्या फांद्यांप्रमाणे किंवा जाळ्याप्रमाणे रचलेली असे. एका नोंदीपासून दुसरीपर्यंत जाण्याची वाट आधीच आखून ठेवावी लागे. प्रश्न बदलला की वाट अपुरी पडे, आणि वाट बदलली की त्यावर अवलंबून असलेले संगणकीय कार्यक्रम नव्याने लिहावे लागत. आयबीएम कंपनीच्या कॅलिफोर्नियातील सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करणारे गणिती एडगर कॉड यांनी १९७० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात या अडचणीवर एक साधा परंतु मूलगामी उपाय मांडला. सर्व माहिती तक्त्यांत ठेवावी, आणि दोन नोंदींमधील नाते आखलेल्या वाटेने नव्हे, तर दोहोंत आढळणाऱ्या समान मूल्याने ओळखावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. या कार्याबद्दल त्यांना १९८१ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ मध्ये मांडलेल्या भाषेतून पुढे एसक्यूएल विकसित झाली, आणि १९८६ मध्ये तिचे अमेरिकन प्रमाणीकरण झाले.

येथे एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. ‘संबंधाधिष्ठित’ या शब्दातील संबंध म्हणजे दोन तक्त्यांमधील दुवा नव्हे. गणितातील संचसिद्धान्तानुसार संबंध म्हणजे स्वतः तक्ताच होय. तक्त्यातील प्रत्येक ओळ हे एक विधान असते. ‘गट १२४, क्षेत्र २.४० हेक्टर’ ही ओळ एक वस्तुस्थिती सांगते. संचात एकच घटक दोनदा येत नाही आणि घटकांना क्रम नसतो. म्हणून एकच विधान तक्त्यात दोनदा येता कामा नये, आणि ओळींच्या क्रमास काही अर्थ असता कामा नये. ओळ म्हणजे विधान, हे ध्यानात ठेवले की रचनेचा सारा विचार एका प्रश्नावर येऊन ठेपतो : कोणते विधान कोठे व किती वेळा लिहावयाचे?

दप्तरातील तीन नमुने

पालमचा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. पुढे महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ हिने राज्यातील सर्व विभागांच्या महसुली व्यवस्थेस एक कायदा लावला. त्या व्यवस्थेत गावाचे दप्तर क्रमांकित नमुन्यांत विभागलेले आहे. गाव नमुना सात हा अधिकार अभिलेख होय. त्यात प्रत्येक गटाचे क्षेत्र, आकारणी, धारण करणाऱ्यांची नावे व इतर हक्क येतात. गाव नमुना बारामध्ये त्या गटातील पिकांची नोंद असते. हे दोन्ही एका कागदावर येत असल्याने ‘सातबारा’ हे नाव रूढ झाले. नमुना आठ-अ मध्ये एका खात्याखाली गावातील कोणकोणत्या गटांत किती जमीन आहे हे येते. नमुना सहा ही फेरफार नोंदवही होय. खरेदी, वारसा, वाटणी, बोजा यांमुळे होणारा प्रत्येक बदल प्रथम तिच्यात लिहिला जातो.

आता सात आणि आठ-अ यांची तुलना करावी. ‘खाते ५६ कडे गट १२४ मध्ये ०.८० हेक्टर जमीन आहे’ हे विधान दोन्हीकडे आढळते. नमुना सातमध्ये ते गटाखाली येते, आठ-अ मध्ये खात्याखाली. ही पुनरुक्ती निष्काळजीपणाची नव्हे. कागदी वही एकाच क्रमाने लावता येते. ‘या गटात कोण आहे?’ आणि ‘या खातेदाराकडे काय आहे?’ या दोन प्रश्नांना त्वरित उत्तरे हवी असतील, तर तीच माहिती दोन क्रमांनी लिहिण्यावाचून हस्तलिखित दप्तरास गत्यंतर नव्हते. संबंधाधिष्ठित डेटाबेसात मात्र ओळींच्या क्रमास अर्थ नाही. तेथे ते विधान एकदाच लिहावयाचे आणि आठ-अ हा विचारल्या वेळी तयार होणारा उतारा मानावयाचा. अशा उताऱ्यास ‘व्ह्यू’ म्हणतात. मूळ नोंद कोणती आणि तीपासून निघणारी कोणती, हा विवेक रचनेचा पाया होय.

वाणिज्याच्या विद्यार्थ्यास हा विवेक अपरिचित नाही. रोजकीर्द ही मूळ नोंदीची वही. खतावणी ही तीवरून वर्गवार उतरविलेली. फेरफार आणि सातबारा यांचे नाते तसेच आहे. कीर्दीत चूक झाली तर ती खोडून काढीत नाहीत, उलट नोंद करून सुधारतात. त्याचप्रमाणे फेरफार प्रमाणित झाल्यावर सातबाऱ्यावरील जुने नाव पुसले जात नाही. त्यास कंस केला जातो आणि शेजारी फेरफाराचा क्रमांक येतो. इतिहास टिकतो, आणि वाद उद्भवल्यास मागे जाता येते.

एका रुंद तक्त्याचे दोष

नवख्या विद्यार्थ्याची पहिली प्रवृत्ती सर्व माहिती एकाच रुंद तक्त्यात भरण्याची असते. समजा, एका काल्पनिक गावातील २.४० हेक्टरांचा गट १२४ तीन भावांकडे, प्रत्येकाच्या स्वतंत्र खात्यावर ०.८० हेक्टर याप्रमाणे आहे. तक्त्यात गावाचा संकेतांक, गट, गटाचे क्षेत्र, खाते, खातेदार व खात्याचे क्षेत्र असे स्तंभ केले. तिन्ही भावांची नावे एकाच चौकटीत लिहिली, तर एका भावाचे क्षेत्र किती हे विचारताच येत नाही. प्रत्येक चौकटीत एकच मूल्य असावे, हे पहिले प्रसामान्य रूप होय.

म्हणून तीन ओळी केल्या. आता प्रत्येक ओळ ओळखण्यासाठी गाव, गट आणि खाते ही तिन्ही मूल्ये एकत्र लागतात. कारण गट १२४ प्रत्येक मोठ्या गावात असू शकतो. ओळ निःसंदिग्धपणे ओळखून देणाऱ्या अशा मूल्यास वा मूल्यसमूहास ‘प्रायमरी की’ म्हणतात. परंतु गटाचे क्षेत्र तीन वेळा लिहिले गेले. फेरमोजणीत ते बदलले आणि दोनच ओळी दुरुस्त झाल्या, तर एका गटास दोन क्षेत्रे होतील. ज्या गटास अद्याप खातेदार नाही, त्याची नोंदच करता येणार नाही. एकमेव खातेदाराची ओळ काढली, तर गटाचे क्षेत्रही तिच्याबरोबर नाहीसे होईल. बदल, भर आणि लोप या तिन्ही प्रसंगी उद्भवणारे हे दोष एकाच कारणातून येतात : गटाचे क्षेत्र केवळ गाव व गट यांवर अवलंबून आहे, खात्यावर नाही. कीच्या एका भागावर अवलंबून असलेली माहिती स्वतंत्र तक्त्यात न्यावी, हे दुसरे रूप होय.

तिसरे रूप बोज्याच्या उदाहरणाने स्पष्ट होते. प्रत्येक बोज्यास क्रमांक देऊन त्यापुढे कर्जाची रक्कम, बँकेच्या शाखेचा संकेतांक आणि शाखेचा पत्ता लिहिला, तर पत्ता बोज्यावर नव्हे, शाखेवर अवलंबून राहतो. शाखा नव्या इमारतीत गेली की शेकडो बोज्यांच्या ओळी बदलाव्या लागतील. यास्तव शाखेचा तक्ता वेगळा करावा आणि बोज्यात केवळ तिचा संकेतांक ठेवावा. अशा रीतीने दुसऱ्या तक्त्यातील ओळीकडे निर्देश करणाऱ्या मूल्यास ‘फॉरिन की’ म्हणतात.

आणखी एक सूक्ष्म भेद ध्यानी घ्यावयास हवा. खाते आणि व्यक्ती एक नव्हेत. सामाईक खात्यात अनेक व्यक्ती असतात आणि एकाच व्यक्तीचे एक वैयक्तिक व एक सामाईक अशी दोन खाती असू शकतात. म्हणून व्यक्ती, खाते आणि दोहोंना जोडणारा खातेसदस्य असे तीन तक्ते लागतात. पीटर चेन यांनी १९७६ मध्ये मांडलेली वस्तू आणि त्यांतील नाती यांची आकृती अशा वेळी उपयोगी पडते. परंतु आकृती काढण्यापूर्वी गावातील व्यवहार ठाऊक असला पाहिजे.

व्यवस्था : नियम, व्यवहार आणि अधिकार

रचना झाल्यानंतर तिची शिस्त राखणे हे व्यवस्थेचे काम. एका भावाने आपल्या ०.८० पैकी ०.४० हेक्टर विकले, तर विक्रेत्याचे क्षेत्र घटणे आणि खरेदीदाराचे वाढणे हे दोन बदल आहेत. पण ते एकच व्यवहार मानले पाहिजेत. पहिला झाला आणि वीज गेल्यामुळे दुसरा राहिला, तर ०.४० हेक्टर जमीन कागदावरून नाहीशी होईल. म्हणून दोन्ही बदल व्हावेत किंवा एकही होऊ नये, ही हमी डेटाबेसची व्यवस्था देते. जमाखर्चाच्या दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत, या द्विनोंदी पद्धतीच्या दंडकाशी हे तत्त्व सजातीय आहे. सर्व खात्यांच्या क्षेत्रांची बेरीज गटाच्या क्षेत्राएवढी असावी, हा नियमही व्यवस्थेकडून पाळवून घेता येतो.

अधिकारांची विभागणीही दप्तरात पूर्वीपासूनच आहे. संहितेच्या कलम १५० नुसार फेरफाराची नोंद झाल्यावर हितसंबंधितांना नोटीस दिली जाते. नोंद करणारा तलाठी (या पदाचे नाव २०२४ मध्ये ग्राम महसूल अधिकारी असे झाले) आणि ती प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी हे वेगळे असतात. ई-फेरफार प्रणालीतही ही विभागणी राखलेली आहे. लिहिणारा आणि मंजूर करणारा एक नसावा, हे लेखापरीक्षणाचे तत्त्व डेटाबेसमध्ये वापरकर्त्यांच्या अधिकारांच्या रूपाने येते.

रचनेतील चुकीची किंमत

ही चर्चा केवळ तांत्रिक नाही. २०१७ मध्ये राज्य शासनाने छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेखाली कर्जमाफी जाहीर केली आणि शेतकऱ्यांचे अर्ज संगणकीय पद्धतीने मागविले. बँकांकडून आलेल्या याद्यांची छाननी होताना अनेक खातेदारांपुढे एकच आधार क्रमांक लागल्याचे प्रकार उघडकीस आले, आणि लाभाच्या वाटपास विलंब झाला. एका क्रमांकाशी एकच व्यक्ती, हा साधा नियम मूळ तक्त्यातच घातलेला असता, तर अशी ओळ भरतानाच नाकारली गेली असती. तो नियम नसल्याने चूक शेवटच्या टप्प्यावर सापडली, आणि तिची झळ ती न करणाऱ्या शेतकऱ्यास लागली.

नावावरून व्यक्ती ओळखणे याहूनही धोक्याचे. सातबाऱ्यावर ‘बापुराव’, बँकेत रोमन लिपीत ‘बापूराव’ आणि ओळखपत्रावर नुसते ‘बापू’ असे असले, तर यंत्राच्या लेखी ती तीन माणसे ठरतात. उलट एका गावात त्याच नावाची दोन माणसे असली, तर ती एक ठरू शकतात. म्हणून ओळखीसाठी अर्थनिरपेक्ष क्रमांक लागतो. ॲग्रिस्टॅक योजनेत शेतकऱ्यास दिला जाणारा स्वतंत्र ओळख क्रमांक याच गरजेतून आला आहे.

तथापि उत्तम रचना सत्याची हमी देत नाही, हेही विद्यार्थ्यास सांगितले पाहिजे. प्रत्येक विधान एकदाच लिहिले, तर त्यातील चूकही एकदाच होते. परंतु तेथून निघणाऱ्या प्रत्येक उताऱ्यात ती जाते. कलम १५७ नुसार अधिकार अभिलेखातील नोंद विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानली जाते. त्यामुळे अशा चुकीचा भार नागरिकावर पडतो. कलम १५५ मधील लेखनप्रमाद दुरुस्तीची तरतूद म्हणूनच महत्त्वाची आहे. चूक दुरुस्त करण्याची आणि दुरुस्तीचा मागोवा ठेवण्याची सोय हा रचनेचाच एक भाग समजला पाहिजे.

अध्यापनासंबंधी

यावरून अध्यापनाचा एक क्रम सुचतो. प्रारंभीच्या तासांना संगणक बंदच असावा. विद्यार्थ्यांनी नावे झाकलेले सातबारा, आठ-अ आणि फेरफार यांचे उतारे समोर ठेवून त्यांतील प्रत्येक विधान स्वतंत्र वाक्यात लिहावे; कोणते विधान कशावर अवलंबून आहे ते ठरवावे; पुनरुक्त विधानांपुढे खूण करावी आणि त्यांतील मूळ कोणते याचा निर्णय करावा. त्यानंतर तक्ते आखावेत, आणि सरतेशेवटी आज्ञा लिहाव्यात. आज्ञा काही आठवड्यांत येतात. विधानांचा विवेक मात्र सावकाश येतो. ज्या विद्यार्थ्याने तो आपल्या गावच्या दप्तरातून मिळविला, त्यास पुढे पतसंस्थेचे, बाजार समितीचे वा कारखान्याचे हिशेब रचताना त्याच एका प्रश्नाने आरंभ करावयाचा आहे : हे विधान कोणाविषयी आहे, आणि ते कोठे एकदाच लिहावे?