ढोकरीचे चित्र

विरार स्थानकाच्या पूर्वेस मनवेलपाडा नावाची वस्ती आहे. तेथील तलावाच्या परिसरात आज इमारती उभ्या राहिल्या आहेत; रस्त्यांवर वाहनांची वर्दळ असते. तरीही जेथे पाणी असते, तेथे पाखरांचे येणे-जाणे सहसा थांबत नाही. अशा तलावाच्या काठी सकाळी शांतपणे उभे राहावे. प्रथम पाणी, चिखल आणि गवत यांखेरीज काहीच दिसत नाही. मग अकस्मात त्या चिखलाचाच जणू एक तुकडा पांढरेशुभ्र पंख पसरून उडतो! ती असते ढोकरी. तिला वंचक असेही म्हणतात, आणि ते नाव तिला शोभते. पंख मिटले, की तिच्या अंगाचा तपकिरी रंग भोवतालच्या चिखलात मिसळून जातो. मासा किंवा बेडूक टप्प्यात येईपर्यंत ती निश्चल उभी असते.

या ढोकरीचे जवळून कृष्णधवल छायाचित्र घ्यावयाचे आहे, असे समजा. हे काम वाटते तितके सोपे नाही. कृष्णधवल चित्रात रंग नसतात. असतात त्या काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या करड्या छटा. दोन रंग कितीही निराळे असले, तरी त्यांचा उजळपणा सारखा असेल, तर ते चित्रात सारखेच उमटतात. खंड्याची निळी पाठ आणि त्याचे तांबूस तपकिरी पोट आपण सहज वेगळे ओळखतो. पण रंग काढून घेतले, की दोन्ही करडी दिसू लागतात. झळकतो तो केवळ त्याचा पांढरा गळा. मग चिखलातील ढोकरी चित्रातही हरवली, तर नवल ते काय?

म्हणून कॅमेरा उचलण्यापूर्वी छायाप्रकाश पाहण्यास शिकावे लागते. चित्रकारांची एक युक्ती येथे उपयोगी पडते. डोळे किलकिले करून समोर पाहावे. मग बारीकसारीक तपशील पुसट होतात आणि उजळ भाग कोणता व काळोखा कोणता, हे स्पष्ट होते. उंच काठावरून पाहिले, तर ढोकरीच्या मागे चिखलच दिसतो. तेच खाली बसून, कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या उंचीवर आणला, तर तिच्या मागे दूरचे चकाकते पाणी येते. आता तिची वाकलेली मान आणि भाल्यासारखी चोच त्या उजेडावर रेखल्याप्रमाणे उठून दिसतात. पक्षी तोच, जागाही तीच. बदलली ती केवळ पाहणाऱ्याची बैठक!

यानंतर प्रकाशाचा विचार करावा. भर दुपारचे ऊन डोक्यावरून पडते. त्यात पांढरी पिसे एकजात पांढरी आणि सावल्या काळ्याकुट्ट होतात. सकाळचे तिरपे ऊन एका बाजूने येते. त्यामुळे मानेवरची रेघ अन् रेघ उमटते. चौकटीत पक्षी कोठे ठेवावा, हेही महत्त्वाचे आहे. तो ज्या दिशेस पाहत असेल, त्या दिशेस थोडी मोकळी जागा सोडावी; नाहीतर त्याची चोच भिंतीवर आदळल्यासारखी वाटते. जवळून घेतलेल्या चित्रात सारेच सुस्पष्ट येत नाही. अशा वेळी डोळा तरी सुस्पष्ट असावा. डोळ्यातील प्रकाशाचा इवलासा बिंदू नाहीसा झाला, तर चित्र निर्जीव भासते.

मद्रासचे, म्हणजे आजच्या चेन्नईचे, निसर्गअभ्यासक एम्. कृष्णन् (१९१२–१९९६) हे कृष्णधवल वन्यजीवचित्रांसाठी विख्यात होते. निरनिराळे भाग जोडून त्यांनी स्वतःसाठी एक भलामोठा कॅमेरा सिद्ध केला होता. १९६० साली त्यांना पद्मश्री हा किताब मिळाला. त्यांच्या हत्तींच्या चित्रांत रंगांची उणीव भासत नाही. हत्तीच्या कातडीवरील सुरकुत्याच बोलू लागतात.

परंतु रानातल्या जिवाच्या जवळ जावे कसे? इंग्लंडमधील रिचर्ड व चेरी कीअर्टन या बंधूंनी १८९२ साली पक्ष्याचे अंड्यांसह घरटे छायाचित्रात टिपले. पुढे त्यांनी बैलाचे कातडे वापरून एक पोकळ बैल बनविला आणि त्याच्या पोटात बसून पक्ष्यांची चित्रे घेतली! आज टेलिफोटो भिंगामुळे दूरचा पक्षी जवळ आल्यासारखा दिसतो, आणि आपणांस दूरच राहता येते.

हे अंतर राखणे हाच या कलेचा पहिला नियम होय. पावसाळ्यात ढोकऱ्या झाडांवर घरटी बांधतात. चित्र नीट यावे, म्हणून घरट्यावरची एखादी डहाळी बाजूला सारण्याचा मोह होतो. तिची चार पाने आपल्याला अडचण वाटतात. पिलांचे मात्र तेच छप्पर असते. ते दूर होताच त्यांच्यावर ऊन कोसळते, पाऊस कोसळतो आणि कावळ्याची नजर पडते. आपण चित्र घेऊन घरी परततो; मागे राहिलेल्या घरट्यात संध्याकाळपर्यंत पिले उरतीलच, असे नाही. असे चित्र कितीही सुंदर असले, तरी त्याचा अभिमान कसा बाळगावा?

सध्या बहुतेक कॅमेरे रंगीत चित्रे काढतात आणि एक कळ दाबताच त्यांतील रंग नाहीसेही करता येतात. पण कोणतीही कळ दाबून धीर धरता येत नाही. तो ढोकरीपासूनच शिकावा. ती पाण्याकडे पाहत निश्चल उभी असते. आपणही तिच्याकडे पाहत तसेच स्तब्ध राहावे. चित्र मिळाल्यावर आपण हळूच मागे सरावे आणि ती मात्र होती तेथेच, आपल्या माशाची वाट पाहत, उभी असावी. ते चित्र खरे साधले, असे समजावे.

स्वाध्याय

१. ढोकरीला ‘वंचक’ हे नाव का शोभते?
२. खाली बसून चित्र घेतल्याने कोणता फरक पडतो?
३. घरट्यावरची डहाळी बाजूला का सारू नये?
४. तुमच्या घराजवळील एका पक्ष्याचे दहा मिनिटे निरीक्षण करा आणि रंगांचा उल्लेख न करता त्याचे वर्णन लिहा.