नवा भाग, की जुन्याचीच दुरुस्ती?

इंदूरला आमच्या घराच्या ओसरीत एक मोटारसायकल कित्येक वर्षे गोणपाटाखाली उभी होती. ती आजोबांची 'जावा', १९६८ सालची. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती पुन्हा चालू करायचे मी मनावर घेतले, तेव्हा आजोबांनी एकच अट घातली, "गाडी सुरू झाली पाहिजे, पण ती माझीच गाडी राहिली पाहिजे." अट ऐकताना सोपी वाटली. गाडी उघडल्यावर तिचा अर्थ हळूहळू कळू लागला. तोच अनुभव येथे सांगत आहे.

आपल्या अंकाचा कन्नड विभाग वाचणाऱ्यांना आनंद वाटावा अशी गोष्ट म्हणजे ही गाडी त्यांच्याच मुलखातली. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीच्या परवान्याने मैसूरच्या 'आयडियल जावा' कारखान्यात १९६१ पासून या गाड्या बनू लागल्या. पुढे त्यांचे नाव 'येझदी' झाले आणि १९९६ साली कारखाना बंद पडला. २०१८ मध्ये जावा हे नाव बाजारात परत आले, पण या नव्या गाड्या चार स्ट्रोकच्या. त्यांच्या इंजिनाचे भाग आमच्या दोन स्ट्रोकच्या गाडीला चालत नाहीत. बाजारात मिळतात ते बहुधा नमुन्यावरून घडवलेले भाग. म्हणून प्रत्येक भागापाशी प्रश्न उभा राहतो : हा बदलावा, की हाच दुरुस्त करावा?

गल्लीतल्या मिस्त्रींचे उत्तर ठरलेले होते, "नया डाल दो भैया, झंझट खतम." काकांनी तर भंगारातले दुसरे इंजिनच बसवायला सांगितले. दोघांचेही म्हणणे अगदीच चूक नव्हते. काही भाग मुळी झिजण्यासाठीच बनवलेले असतात. ब्रेकचे लायनर, टायर-ट्यूब, केबली, क्लचच्या प्लेटी, जुनी वायरिंग यांच्या बाबतीत माया दाखवणे म्हणजे जिवाशी खेळ. रबराचेही तसेच. दोन स्ट्रोकच्या इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आधी क्रँककेसमध्ये ओढले जाते, तिथे दाबले जाते आणि मग वर सिलिंडरात जाते. क्रँकशाफ्टच्या टोकाची ऑइल सील कडक होऊन चिरली, की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रणात पेट्रोल कमी पडते, इंजिन तापते आणि पिस्टन जाम होऊ शकतो. अशी सील नवीच घालावी. तिथे दुसरा विचार नाही.

सिलिंडरच्या ब्लॉकची गोष्ट निराळी. तो बिडाचा, जाड भिंतीचा. पिस्टनच्या येण्याजाण्याने त्याचे भोक झिजते, पण सर्वत्र सारखे नाही. वरच्या बाजूस अधिक. मूळ माप ६५ मिलिमीटर. झीज झाली, की भोक पाव मिलिमीटरने मोठे करून पुन्हा गोल व सरळ करतात आणि त्या मापाचा पिस्टन व रिंगा घालतात. याला बोअर करणे म्हणतात. आमचा ब्लॉक पूर्वी दोनदा बोअर झाला होता. तिसऱ्यांदा करून ६५.७५ चा पिस्टन बसवला. पुढे भिंत पातळ झाली, तर आत नवी स्लीव्ह ठोकून पुन्हा ६५ वर येता येते. म्हणजे पिस्टन नवा आणि ब्लॉक जुनाच. बनवणाऱ्यांनी दुरुस्तीची सोय आधीच करून ठेवलेली असते, ती आपल्याला दिसली पाहिजे.

क्रँकशाफ्टही असाच. दोन जड चकत्यांमध्ये क्रँकपिन दाबून तो जोडलेला असतो. आमच्या गाडीची पिन आणि रोलर झिजले होते, चकत्या धडधाकट होत्या. लेथवाल्याने प्रेसवर तो उकलला, नवी पिन, नवे रोलर आणि नवा कनेक्टिंग रॉड घातला. नंतर डायल गेज लावून तो एका रेषेत आणण्यात त्याची अख्खी दुपार गेली. तांब्याच्या हातोडीचा हलका ठोका, पुन्हा गेज, पुन्हा ठोका. तयार क्रँक आणला असता तर ही दुपार वाचली असती. पण तो तपासून घ्यायला तरी याच माणसाकडे यावे लागले असते.

आता माझी चूक सांगतो. मागच्या मडगार्डची खालची कड वीतभर सडली होती. मी ते भंगारवाल्याला किलोच्या भावाने दिले आणि नवे आणले. नव्याचा पत्रा पातळ, गोलाई चाकाशी जुळेना, बोल्टची भोके कानशीने लांबवावी लागली. महिन्याभरात तिथेच तडा गेला. सडलेला तुकडा कापून तिथे नवा पत्रा जोडला असता, तर काम झाले असते. पेट्रोलच्या टाकीच्या वेळी मी शहाणा झालो. आतला गंज धुऊन काढला, दोन छिद्रे डाख देऊन बुजवली. रंगपंचमीच्या गेरीत गाडी पडून झालेला पोचा मात्र तसाच ठेवला.

भंगारातले इंजिन का नको, याला कायद्याचेही कारण आहे. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या वाहनांच्या नोंदणीसाठी स्वतंत्र नियम केले. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षांहून अधिक काळ झालेले, मूळ स्वरूपात जपलेले आणि चासी, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार न झालेले वाहनच त्यात 'व्हिंटेज' ठरते. इंजिन बदलले, की ही ओळखच धोक्यात येते.

आमच्या इंदुरातच याचे दुसरे टोक होऊन गेले. यशवंतराव होळकर (दुसरे) यांनी १९३० च्या दशकात अमेरिकन ड्युसेनबर्ग मोटार घेतली. तिच्यावर लंडनच्या गर्नी नटिंगने नारिंगी-काळ्या रंगाची बॉडी चढवली. कंपनी १९३७ मध्ये बंद झाली. अशा मोटारीचा दरवाजा वा मडगार्ड जगातल्या कुठल्याच दुकानात मिळणार नाही. तिथे दुरुस्ती हाच मार्ग. आमची जावा मात्र हजारोंपैकी एक, म्हणून तिच्याबाबत बदलण्याचा मोह होतो.

माझ्यापुरता नियम मी असा बांधला : ज्यावर जीव अवलंबून आहे आणि जे झिजण्यासाठीच आहे, ते बिनदिक्कत बदलावे, ज्याचा मूळ धातू शाबूत आहे, ते दुरुस्त करावे, आणि ज्यावर गाडीचा नंबर कोरलेला आहे, त्याला पर्याय शोधूच नये.

गाडी सुरू झाली त्या संध्याकाळी आजोबा तिच्याभोवती सावकाश फिरले. टाकीच्या पोच्यावरून बोट फिरवले, इंजिनाचा नंबर चष्मा वर करून वाचला. मग मागच्या मडगार्डवर टिचकी मारून म्हणाले, "हे माझे नाही."

तेव्हा जुनी गाडी उघडणाऱ्या मित्रांना एवढेच सांगणे : ती पुन्हा पूर्ण जोडली जाईपर्यंत काढलेला एकही तुकडा भंगारात देऊ नका.