एका ठोक्याचे अंतर

आमच्या एका सहकाऱ्याची १०० सीसीची मोटारसायकल पावसाळा संपता संपता विचित्र तक्रार करू लागली. ताशी चाळीस किलोमीटरपर्यंत गाडी गुण्यागोविंदाने चाले. वेग त्यापुढे गेला, की फूटरेस्टमधून आणि सीटमधून ठक्, ठक्, ठक् असे ठोके जाणवू लागत. वेग वाढवावा तसे ठोके भरभर पडत.

गाडी गॅरेजमध्ये नेली. मेकॅनिकने एक फेरी मारली. धावत्या गाडीचा क्लच दाबून पाहिला, तेव्हा ठोक्यांचा जोर एकदम कमी झाला. "क्लच दाबला की आवाज कमी होतो, म्हणजे दोष इंजिनात. इंजिन खोलावे लागेल," असे त्याने सांगितले. इंजिन खोलायचे म्हणजे चार दिवस गाडी नाही आणि खिशाला मोठी चाट. शिवाय दोष दुसरीकडेच असेल, तर तो तसाच राहणार आणि गाडी रस्त्यावर धावत राहणार. आम्ही ठरवले, पाना हातात घेण्यापूर्वी ठोके मोजायचे.

प्रत्येक भागाचे स्वतःचे अंतर

मोटारसायकलचे अनेक भाग फिरत असतात, पण ते सारख्या गतीने फिरत नाहीत. एखाद्या भागात एका जागी दोष असेल, तर त्या भागाच्या दर फेऱ्याला एक ठोका पडेल. म्हणून "एका फेऱ्यात गाडी किती अंतर जाते?" हा प्रश्न आम्ही प्रत्येक भागाला विचारला.

सुरुवात मागच्या चाकापासून केली. टायरवर खडूची खूण केली, गाडीवर एकाला बसवले आणि चाकाचा बरोबर एक फेरा होईपर्यंत गाडी ढकलली. अंतर भरले १.८८ मीटर. पुढच्या चाकाचे अंतरही याच्या जवळपास होते.

मागच्या चाकाला जोडलेल्या दातेरी चक्राला (याला स्प्रॉकेट म्हणतात) ४२ दाते होते, तर इंजिनाकडच्या लहान चक्राला १४. म्हणजे मोठ्याच्या एका फेऱ्यात लहान चक्राचे तीन फेरे होतात. त्याच्या एका फेऱ्याचे अंतर १.८८ भागिले ३, म्हणजे सुमारे ०.६३ मीटर.

आता चेन पाहा. तिच्या कड्या १०४. चाकाच्या एका फेऱ्यात ४२ कड्या पुढे सरकतात. तेव्हा एखादी कडी फिरून मूळ जागी यायला चाकाचे १०४ भागिले ४२, म्हणजे सुमारे २.४८ फेरे व्हावे लागतात. तेवढ्यात गाडी ४.६६ मीटर जाते.

शेवटी इंजिन. सर्वांत वरच्या गिअरमध्ये लहान चक्राच्या एका फेऱ्यामागे या गाडीच्या इंजिनाचे सुमारे साडेतीन फेरे होतात. म्हणजे इंजिनाच्या एका फेऱ्याचे अंतर जेमतेम १८ सेंटीमीटर. चार धावांच्या इंजिनात इंधन दर दोन फेऱ्यांत एकदा पेटते, म्हणून त्याचे अंतर होते ३६ सेंटीमीटर. गिअर बदलला की ही दोन अंतरे बदलतात. चाक, लहान चक्र आणि चेन यांची अंतरे मात्र बदलत नाहीत, कारण हे भाग गिअरपेटीच्या पलीकडे आहेत.

मोजणी

मोजण्याचे काम मागे बसणाऱ्याकडे दिले. चालवणाऱ्याने रस्त्याकडेच पाहायचे. रहदारी नसलेला सरळ रस्ता निवडला. वेगासाठी काट्यावर विसंबलो नाही, कारण स्पीडोमीटरचा काटा बहुधा थोडा जास्तच वेग दाखवतो. किलोमीटरच्या दोन दगडांमधला वेळ घड्याळाने घेतला. किलोमीटरला ८० सेकंद लागले तर वेग ताशी ४५ किलोमीटर, आणि ६७ सेकंद लागले तर ताशी ५४ च्या जवळपास.

ताशी ४५ ला गाडी १० सेकंदांत १२५ मीटर जाते. तेवढ्यात ठोके पडले २७, म्हणजे ४.६३ मीटरला एक. ताशी ५४ ला १० सेकंदांत १५० मीटर आणि ठोके ३२, म्हणजे ४.६९ मीटरला एक.

दोष चाकात असता, तर ताशी ५४ ला दहा सेकंदांत सुमारे ८० ठोके पडले असते. इंजिनाचा फेरा तर सेकंदाला ८० च्या वर जातो. तो सुटा ठोका म्हणून ऐकूच येणार नाही, त्याची गुणगुण होईल. आमच्या यादीत साडेचार मीटरच्या पुढचे अंतर एकाच भागाचे होते : चेनचे.

एक फसवा योगायोग

प्रश्न सुटला असे वाटत असतानाच ध्यानात आले, की मोजणीचा रस्ता सिमेंट काँक्रीटचा होता. अशा रस्त्यांवर तापमानाने होणाऱ्या आकुंचनासाठी ठरावीक अंतरावर आडवे सांधे ठेवतात, आणि हे अंतर सामान्यतः साडेचार मीटरच्या आसपास असते! मग आपण चेनचे ठोके मोजले की रस्त्याचे?

४.५० आणि ४.६६ यांत सुमारे साडेतीन टक्क्यांचा फरक आहे. सत्तावीस ठोक्यांत एक ठोका चुकला, तरी चूक चार टक्क्यांच्या घरात जाते. म्हणजे आमच्या मोजणीतून हे दोन पर्याय वेगळे करताच येत नव्हते. उपाय सोपा होता. दुसऱ्या दिवशी गाडी डांबरी रस्त्यावर नेली आणि पुन्हा मोजले. ठोके तेवढेच भरले. रस्ता निर्दोष सुटला.

क्लचने काय सांगितले?

मग त्याच वेगाला गिअर एकाने खाली आणला. इंजिनाचे फेरे वाढले, आवाज चढला, पण ताशी ४५ ला दहा सेकंदांत ठोके २७ च राहिले. आता इंजिनही सुटले.

तरी क्लच दाबल्यावर ठोक्याचा जोर कमी का होत होता? क्लच दाबला की इंजिन चाकाला ओढत नाही आणि चेनवरचा ताण उतरतो. सैल चेनमधला ठोका सौम्य होतो, पण तो पडायचा तेव्हाच पडतो. मेकॅनिकचे निरीक्षण बरोबर होते. निष्कर्षात मात्र एक पायरी गळली होती. ठोक्याचा जोर अनेक कारणांनी बदलतो. तो किती अंतराने पडतो हे मात्र फिरणाऱ्या भागांची मापे ठरवतात.

झाकणाखाली

गाडी मधल्या स्टँडवर लावली, न्यूट्रलमध्ये टाकली आणि चेनवरचे झाकण काढले. एका कडीवर खडूची खूण करून चाक हाताने सावकाश फिरवले. शेजारशेजारच्या तीन कड्या गंजून ताठ झालेल्या आढळल्या. झाकणाच्या तपासणी-छिद्राचे रबरी बूच कधीतरी पडून गेले होते, आणि पावसाळाभर पाणी व चिखल आत जात होता.

चौदा दात्यांच्या चक्रावरून जाताना चेनचा प्रत्येक सांधा सुमारे २६ अंशांनी वाकतो. निरोगी सांधा बाहेर पडताच सरळ होतो. ताठ सांधा वाकडाच राहतो आणि मागच्या चक्राच्या दात्यांवर नीट न बसता आदळतो. वेग दुप्पट झाला, की आदळण्याची ऊर्जा चौपट होते. म्हणूनच विशीत न जाणवणारा ठोका चाळिशीनंतर जाणवू लागला.

तेल घालून कड्या थोड्या सैल झाल्या, पण तेवढ्यावर भागवणे शहाणपणाचे नव्हते. अशी चेन वेगात दात्यांवरून उतरली आणि अडकली, तर मागचे चाक जागीच जखडते. आमच्या सहकाऱ्याने चेन आणि दोन्ही चक्रे एकदमच बदलली. झिजलेल्या दात्यांवर नवी चेन लवकर झिजते. ठोके थांबले. इंजिनाचा एक स्क्रूही काढावा लागला नाही.

वर्गात करून पाहण्यासाठी

यासाठी मोटारसायकल लागत नाही. उलटी ठेवलेली सायकल पुरे. विद्यार्थ्यांना दोन्ही चक्रांचे दाते आणि चेनच्या कड्या मोजायला सांगा. चेनच्या एका कडीला आणि मागच्या चाकाच्या एका आरीला रंगीत दोरा बांधा. कडी पुन्हा त्याच जागी यायला चाकाचे किती फेरे लागतील, हे आधी कागदावर काढू द्या आणि मगच पेडल सावकाश फिरवू द्या. बोटे चेनपासून दूर ठेवण्याची सूचना विसरू नका.

थोडी मोठी मुले असतील, तर पुढचा प्रश्न विचारा : तीच कडी त्याच दात्यावर पुन्हा केव्हा येईल? येथे लसावि कामाला येतो. आमच्या गाडीत ४२ आणि १०४ यांचा लसावि २१८४. म्हणजे चाकाचे ५२ फेरे, सुमारे ९८ मीटर. एखादी खराब कडी एकाच दात्याला सतत झिजवत नाही, तिचा त्रास अनेक दात्यांत वाटला जातो, तो यामुळेच.

आणि शेवटी एक कोडे द्या : सायकल चालवताना पेडलच्या दर फेऱ्याला एकदा 'कट्' असा आवाज येतो, पण पेडल थांबवून उतारावर सोडली की येत नाही. दोष कुठे शोधाल? उत्तर सांगण्याची घाई करू नये. आधी मोजू द्यावे.